आय-७९७ पुढच्या वर्षीपर्यंत, मग मुदत संपली कशी?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-४ वर, म्हणजे मिस्टरांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामागे मिळालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर राहते, नोकरी करत नाही. मिस्टरांचं आणि माझं आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याचं पत्र) पुढच्या सप्टेंबरपर्यंत आहे, व्हिसाही तोवरचाच. डिसेंबरात मुलाला घेऊन पुण्याहून परतले तेव्हा माझ्या पासपोर्टचे तीनच महिने उरले होते. जानेवारीत नूतनीकरणाला दिला, नवा हातात पडला मार्चअखेर. परवा लायसन्स रिन्यू करायला गेले तर खिडकीवरची बाई म्हणाली, तुमची मुदत १८ मार्चलाच संपली. नियम बदलला का?

उत्तर : नाही ताई, हा नियम जुनाच आहे. सध्या सगळ्यांचं लक्ष एच-१बीच्या एक लाख डॉलर शुल्काकडे लागलंय. सप्टेंबर २०२५ च्या त्या घोषणेचा तुमच्याशी काही संबंध नाही. व्हिसा तुम्हाला विमानतळापर्यंत आणतो, राहायचं किती ते आय-९४, म्हणजे प्रवेशाच्या वेळी होणारी मुदतीची नोंद, ठरवतो. पासपोर्ट आधी संपत असेल तर अधिकारी आय-९४ तिथपर्यंतच देतो. आय-७९७ च्या तळाशी छापलेला आय-९४ बाहेर जाऊन आलात की मागे पडतो. शेवटच्या प्रवेशाची तारीख धरतात. माझ्याकडे अशी निम्मी प्रकरणं लायसन्सच्या खिडकीवरूनच येतात.

आता हिशेब. १९ मार्चपासून तुमचं राहणं बेकायदा मोजलं जातंय. १८० दिवस १४ सप्टेंबरला भरतात. त्यानंतर देश सोडलात तर तीन वर्षं परत येता येत नाही, वर्ष उलटलं तर दहा. ही तारीख आत्ताच फ्रिजवर लावा.

पहिला मार्ग, उशिरा भरलेला आय-५३९, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज. असाधारण आणि हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तर तो माफ करायचा अधिकार यूएससीआयएसला (हे अर्ज तपासणाऱ्या अमेरिकी खात्याला) आहे. ‘तारीख बघितलीच नाही’ हे कारण चालत नाही, मी खोटी आशा दाखवणार नाही. पण तुमच्याकडे जानेवारीतली पासपोर्ट अर्जाची पावती आहे. ती, नव्या पासपोर्टची तारीख आणि नोकरी केली नसल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. आणि याच आठवड्यात भरा. मार्चअखेरपासून पुढचा प्रत्येक दिवस तुम्हालाच समजावून सांगावा लागणार आहे.

नियम खरोखर बदलतात ते इथे. फॉर्मच्या प्रत्येक पानावर तळाशी आवृत्तीची तारीख असते. मैत्रिणीने गेल्या वर्षी पाठवलेली पीडीएफ वापरू नका. आवृत्ती जुनी निघाली तर सगळा गठ्ठा परत येतो. फॉर्म आणि फी भरायच्या दिवशीच यूएससीआयएसच्या साइटवरून बघून घ्या. कागदी अर्जासोबत चेकही नको, २८ ऑक्टोबर २०२५ पासून घेत नाहीत. कार्डासाठी जी-१४५० किंवा बँक खात्यासाठी जी-१६५० जोडा.

एक मेख आहे. मुदतीनंतर भरलेला अर्ज नुसता पडून असताना दिवसांची मोजणी थांबत नाही. मंजूर झाला तर मधला काळ भरून निघतो, नाही तर सप्टेंबर उजाडतो आणि तुम्ही इथेच. म्हणून ऑगस्टच्या मध्यापर्यंत निर्णय आला नाही तर दुसरा मार्ग : भारतात जाणं. मुदत ओलांडल्यामुळे पासपोर्टवरचा सध्याचा व्हिसा रद्द धरला जातो, नवा घ्यावा लागेल. सप्टेंबर २०२५ पासून एच-४ ला मुलाखतीची सूट नाही आणि १५ डिसेंबर २०२५ पासून सोशल मीडियाची खाती तपासतात, ती ‘पब्लिक’ ठेवावी लागतात. अपॉइंटमेंट मिळायला महिने लागतात, तेव्हा मिस्टरांना एकट्याने घर सांभाळायची तयारी ठेवायला सांगा. दोन्हींपैकी कुठला मार्ग, हे सगळे कागद इथल्या वकिलाला दाखवूनच ठरवा.

आणि मुलाचा आय-९४ आज रात्रीच सीबीपीच्या (विमानतळावर प्रवेश देणाऱ्या खात्याच्या) साइटवरून काढा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे हा घोळ त्यांच्या बाबतीत जास्त होतो. अठराच्या आतलं बेकायदा राहणं त्या तीन-दहा वर्षांच्या बंदीसाठी मोजत नाहीत, पण स्टेटस गेलेलंच असतं. त्याचीही तारीख गेली असेल तर तुमच्याच अर्जाला आय-५३९ए हा सोबतच्या कुटुंबीयासाठीचा फॉर्म जोडून त्याला त्यात घ्या.