पॉक्सो कायदा आहे, शिक्षाही कडक आहे. मग मुलांवरचे अत्याचार रोखण्यासाठी आमदार-खासदारांनी आणखी काय करायचं?

तुम्ही विचारलंय की मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा झाला, शिक्षा फाशीपर्यंत गेली, आता लोकप्रतिनिधींच्या हातात उरलं काय. मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. त्यातून जे कळलं त्यावर सांगते: बरंच उरलंय.

आधी कायद्याचं श्रेय कायद्याला. बलात्काराचं कलम बायका-मुलींपुरतंच होतं. २०१२ पर्यंत एखाद्या मुलग्यावर अत्याचार झाला तर 'अनैसर्गिक' संबंधांच्या ३७७ कलमाशिवाय पोलिसांच्या हाती फारसं काही नव्हतं. आणि २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून जो अहवाल काढला, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं होतं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. मुलांसाठी वेगळा कायदा तेव्हा आपल्या शेजारच्या गोव्याने तेवढा २००३ मध्ये केला होता. देशाला २०१२ उजाडावं लागलं. तेव्हा कायदा करणाऱ्यांचं काम मी कमी लेखत नाही.

आता माझ्या शाळेतली गोष्ट. लेकराची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. पॉक्सोच्या २३ व्या कलमाने तशी मनाईच आहे, आणि नसती तरी लिहिलं नसतं. खिचडीच्या सुट्टीत ते मूल माझ्याजवळ येऊन बोललं. माणूस घरातलाच होता. आईला बोलावलं तर ती म्हणाली, "बाई, गावात तोंड कसं दावू? आणि त्याला फाशी झाली तर आमच्या घरात कोण जेवंल?" मला १९ वं कलम माहीत होतं. कळल्यावर कळवलं नाही तर आपणच गुन्हेगार ठरतो, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मी कळवलं.

कायदा म्हणतो, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि खाकी न घालता. प्रत्यक्षात महिला अधिकारी यात्रेच्या बंदोबस्ताला गेलेल्या. ते मूल ठाण्याच्या बाकड्यावर माझा पदर धरून अंधार पडेपर्यंत बसलं होतं. कायदा म्हणतो, न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा. तक्रार दिली तेव्हा मूल चौथीत होतं. साक्ष झाली तेव्हा सातवीत. मधल्या तीन वर्षांत ते हसायला, खेळायला लागलं होतं. मग एके दिवशी समन्स आलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून आठवून सांगायची वेळ आली. आदल्या रात्री ते जेवलं नाही.

यात कायद्याचा एक शब्दही चुकीचा नव्हता. माणसं नव्हती, तारखा होत्या. २०२० च्या नियमांत अशा मुलाबरोबर चौकशीत आणि खटल्यात उभी राहणारी 'सहाय्यक व्यक्ती' बाल कल्याण समितीने द्यायची तरतूद आहे. आमच्या मुलाबरोबर मीच होते, तीही रजा टाकून.

आमदाराचं खरं काम इथं सुरू होतं असं मी मानते. कोल्हापूर जिल्ह्यातून दहा आमदार विधानसभेत जातात. त्यांतल्या एकाने जरी तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, टाकला, की जिल्ह्यात एक वर्षाहून जुने पॉक्सो खटले किती, महिला उपनिरीक्षकांची पदं मंजूर किती आणि भरलेली किती, गेल्या वर्षी किती मुलांना सहाय्यक व्यक्ती मिळाली, अत्याचारपीडितांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचे पैसे किती जणांना आणि किती महिन्यांनी मिळाले, तर खात्याला आकडे लेखी द्यावे लागतात. सभागृहात दिलेलं उत्तर नोंदीत राहतं. पुढच्या अधिवेशनात त्याच आकड्यावर बोट ठेवता येतं. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला तसं काही घडलं की सभागृहात लक्षवेधी सूचना लागते, चर्चा होते, हे मी पाहिलंय. मला हवाय तो प्रश्न काहीही घडलेलं नसताना विचारलेला.

कडक शिक्षेबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी लिहिते. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक एकमताने मंजूर केलं. त्यातही फाशी होती. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं आणि कायदा होऊन परत आलं नाही. फाशीचं काय होतं हे आम्हा कोल्हापूरकरांना नीट माहीत आहे. लहान मुलं पळवून मारणाऱ्या गावित बहिणी १९९६ मध्ये पकडल्या गेल्या, २००१ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, कारण सरकारने दयेच्या अर्जावर वर्षानुवर्षं लावली. आणि घरातल्याच माणसाचा गुन्हा असतो तेव्हा फाशीच्या धाकाने आधी आईचं तोंड बंद होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

शब्दांची काळजी मात्र कायदा करणाऱ्यांनीच घ्यायची. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला, की कपड्यावरून केलेला स्पर्श पॉक्सोतला लैंगिक हल्ला ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबरला तो रद्द केला. एका व्याख्येतल्या 'शारीरिक संपर्क' या दोन शब्दांवरून एवढं घडलं. विधेयकावर चर्चा सुरू असताना रिकामे दिसणारे बाक म्हणूनच मला सलतात.

साखर कारखान्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडाजवळ कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. पहाटे नवरा-बायको कोयता घेऊन निघतात. मागे दहा-बारा वर्षांची पोरगी, कडेवर धाकटं भावंड. कोपीला दार नसतं. आडोसा म्हणजे ऊस. पोरगी एकटी ठेवायची भीती वाटते म्हणून आई-बाप तिचं लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी उरकतात. माझ्या वर्गातून अशा तीन मुली गेल्या. आपल्याकडचे कितीतरी आमदार कारखान्यांचे अध्यक्ष किंवा संचालक आहेत. कोप्यांच्या तळावर रात्रीचे दिवे, कडी असलेलं शौचालय आणि दिवसाचं पाळणाघर यासाठी त्यांना मुंबईला जावं लागत नाही. संचालक मंडळाच्या एका बैठकीचं काम आहे.

नुसत्या कायद्याने भागत नाही, हे इथलाच इतिहास सांगतो. शाहू महाराजांनी १९२० मध्ये मुली देवाला सोडण्याविरुद्ध कायदा केला. तरी १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरवावी लागली, आणि त्यानंतरही राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. दुसरीकडे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बघा. वकील, पक्ष, आमदार, खासदार सगळ्यांनी कित्येक वर्षं लावून धरलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते कोल्हापुरात सुरू झालं. तेवढा जोर मुलांच्या खटल्यांसाठी लावलेला मी अजून पाहिला नाही.

तुम्ही स्वतः काय करू शकता तेही सांगते. गावात सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. तिची शेवटची बैठक कधी झाली, हे ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्त मागा. वर लिहिलेले चार प्रश्न मी आमच्या आमदारांच्या कार्यालयात लेखी दिलेत आणि पोच घेतलीय. हेच प्रश्न तुमच्या जिल्ह्याचं नाव घालून तुम्हीही द्या. आणि एखादं मूल आत्ताच तुमच्याशी काही बोललं असेल, तर अधिवेशनाची वाट बघू नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.