कर्बोदके कमी करण्याआधी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ताटातला एक घासही कमी करू नका. कर्बोदके घटली आणि औषधाची मात्रा तीच राहिली, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

पहिल्याच दिवशी कर्बोदके 20 ग्रॅमांवर आणण्याची घाई मला तरी पटत नाही. दिवसाला 130 ग्रॅमांच्या आत राहणे हेही कमी कर्बोदकांच्या आहारातच मोडते. आठवडाभर फक्त स्वयंपाकघरातला वजनकाटा जवळ ठेवा. शिजवलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदके असतात, हे स्वतःची वाटी मोजल्यावरच खऱ्या अर्थाने उमगते.

सुरुवातीला वजन झरझर उतरेल, पण त्यावर फार हुरळून जाऊ नका, कारण शरीर साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (यकृत आणि स्नायूंत साठवलेल्या कर्बोदकांसोबत) सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवते आणि तो साठा रिकामा होताना ते पाणीही निघून जाते. त्याच सुमारास मूत्रपिंडे जास्त सोडियम बाहेर टाकतात, म्हणून डोके दुखते, पायात गोळे येतात. मी हा त्रास चार दिवस उगाच सोसला; रक्तदाबाची तक्रार नसेल, तर मीठ घातलेले कढत सूप पुरते.

वेष्टनावरच्या ‘साखरविरहित’ या शब्दावर विसंबू नका. मागच्या बाजूला बारीक अक्षरात माल्टोडेक्स्ट्रिन किंवा स्टार्च लिहिलेले सापडते, आणि तीही कर्बोदकेच असतात.