भोंगा वाजला की गावकरीच बंबावर

प्रश्न : नोकरीनिमित्त माझा मुलगा जर्मनीत, बव्हेरियातील एका लहान गावी राहतो. परवा मध्यरात्री भोंगा वाजला आणि शेजारचे सुतारकाम करणारे गृहस्थ धावत जाऊन बंबावर चढले. आता ते त्यालाही दलात येण्याचा आग्रह करीत आहेत. पगार न घेणाऱ्या गावकऱ्यांवर आगीसारखी गोष्ट सोपवणे सुरक्षित आहे का? परदेशी माणसाला त्यात घेतात का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु हे दल म्हणजे हौशी मंडळ नव्हे. बव्हेरियात अग्निशमनाची व्यवस्था ठेवणे हे प्रत्येक गावाच्या स्थानिक प्रशासनाचे कायदेशीर कर्तव्य असून, पगारी दल सक्तीचे आहे ते केवळ एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांना. बाकी सारा मुलूख स्वयंसेवकांच्याच भरवशावर आहे. वर्दी मिळाल्यापासून साधारण 10 मिनिटांत मदत पोहोचावी, हा तिथला दंडक. तो दूरच्या शहरातून बंब मागवून पाळता येणार नाही. म्हणूनच ठाण्यात प्रत्येकाच्या नावाच्या खुंटीखाली विजार आधीच बुटांवर चढवून ठेवलेली असते. पाय घालून ती वर ओढली की माणूस निघाला.

खरी अडचण दिवसाची आहे. तरुण मंडळी कामासाठी शहरात गेलेली असतात, तेव्हा एकाच वर्दीला आसपासच्या दोन-तीन गावांची दले एकदम बोलावली जातात, आणि कामाच्या गावातील दलातही नाव नोंदवण्याची सोय आहे. नोकरदाराला कामावरून सोडणे मालकाला बंधनकारक असते. त्या वेळेचा पगार कापता येत नाही आणि खासगी मालकाला त्याची भरपाई गावाच्या तिजोरीतून मिळते. अपघात विम्याचे संरक्षणही असते. स्वयंसेवा टिकते ती निव्वळ उत्साहावर नव्हे, अशा तरतुदींवर, असे आम्हांस वाटते.

जर्मन नागरिकत्वाची अट नाही. मात्र धावपळीत दिलेला हुकूम चटकन कळेल इतके जर्मन यायला हवे. प्रशिक्षणाशिवाय कोणालाही आगीत पाठवत नाहीत. हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन धुरात शिरण्यासाठी वैद्यकीय तपासणी व वेगळे प्रशिक्षण लागते, आणि आत एकट्याने जाण्यास मनाई असते. शिवाय आगीपेक्षा रस्त्यावरचे अपघात, पडलेली झाडे आणि तळघरात शिरलेले पाणी यांच्याच वर्द्या अधिक.

आपल्या चिरंजीवांनी प्रथम एखाद्या सरावाला जाऊन दलप्रमुखांना भेटावे आणि आपल्या मालकालाही कळवावे. धुरात शिरण्याचा विचार पुढे करता येईल. पंप चालवायला आणि नळी अंथरायलाही माणसे लागतातच.