स्टेडियममध्ये बसून मोबाइलवरून सामना लाइव्ह दाखवला तर चालतं का?

नाही चालत. तिकीट काढलं की सामना बघायचा हक्क मिळतो, दाखवायचा नाही. तिकिटाच्या अटींत बहुतेक वेळा तसं लिहिलेलंच असतं. पकडलं गेलं तर बाहेर काढतात, अकाउंटही बंद होऊ शकतं. २०१५ मध्ये मेवेदर–पॅकियाओ बॉक्सिंग लढत लोकांनी टीव्हीसमोर फोन धरून पेरिस्कोप या लाइव्ह व्हिडिओच्या अ‍ॅपवर हजारोंना फुकट दाखवली होती. मला हे मनापासून खटकतं, कारण प्रक्षेपणाचे हक्क विकूनच खेळात मोठा पैसा येतो, लहान संघांचा खर्चही बऱ्याचदा त्यातूनच भागतो. गोलनंतरचा जल्लोष दहा सेकंद टिपून घरच्यांना पाठवलात तर सहसा कुणी अडवत नाही. पण अख्खा सामना हात वर धरून बसलात, तर मागच्या माणसाला मैदानाऐवजी तुमचा फोनच दिसतो.