सॅन होजे महाग, ह्यूस्टन स्वस्त, असं का?

प्रश्न: मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजेला, भाचा टेक्ससमध्ये ह्यूस्टनला, दोघं आयटीतच. भाच्याने मोठं घर घेतलंसुद्धा, मुलगा अजून भाड्याने राहतोय. असं का? – एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: ताई, मुलाला बोल लावू नका हो! सॅन होजेला साधं घरसुद्धा 10 लाख डॉलरच्या बरंच वर जातं, ह्यूस्टनला निम्म्याहूनही कमीत मिळतं. सॅन होजेला एकीकडे डोंगर, दुसरीकडे खाडी, वर बांधकामाचे कडक नियम आणि टेक कंपन्यांचे तगडे पगार, मग भाव चढणारच ना. ह्यूस्टनला सपाट मोकळी जमीन आणि शहरात झोनिंगच (कुठे घरं, कुठे दुकानं-कारखाने अशी सरकारी विभागणी) नाही, आपल्या इंदूरसारखं पसरतच चाललंय. फक्त भाच्याला विचारा प्रॉपर्टी टॅक्स किती भरतो, टेक्ससमध्ये तो जबर असतो. कॅलिफोर्नियात 1978 पासून टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, घर विकेपर्यंत तरी.