डावखुऱ्या नवशिक्याने सरावासाठी कमी धक्क्याचं कोणतं पिस्तूल घ्यावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: वय ३४, राहायला पुण्यात, डावखुरे, दिवसभर कीबोर्डवर काम करून मनगट दुखतं, आणि पिस्तूल नेमबाजी नव्याने सुरू करायची आहे. दुकानदार काही हजारांचं स्प्रिंगवालं एअर पिस्तूल गळ्यात मारू पाहतोय. मित्र म्हणतो, थेट .२२ बोअरचं, म्हणजे बारुदाची छोटी गोळी मारणारं पिस्तूल घे, त्याला धक्का असा नसतोच. यातलं काय घ्यावं?

दोन्ही नको. आणि धक्का ही तुमची मोठी अडचण नाहीच. तुमची अडचण डावा हात आहे. त्याकडे येतोच, आधी धक्क्याचं उरकून घेऊ.

पिस्तूल मागे किती ढकलेल, हे मुख्यतः गोळीचं वजन आणि तिचा वेग यांच्या गुणाकारावर ठरतं. १० मीटर एअर पिस्तुलाचं पेलेट, म्हणजे त्याची शिशाची छोटी गोळी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचं असतं आणि सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने निघतं. .२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, पिस्तुलातून वेग ३०० मीटरच्या आसपास. म्हणजे ढकल दहापट. सिनेमात दिसणाऱ्या ९ एमएमची गोळी साडेसात ग्रॅमची, वेग ३५० च्या घरात. एअर पिस्तुलाच्या जवळजवळ पस्तीसपट. शिवाय बारुदाच्या गॅसचा धक्का वेगळा. ९ एमएमचा विचार तुम्ही करूही नका, आपल्याकडे सामान्य नागरिकाला ते बोअर मिळत नाही.

या हिशेबाने कोणतंही एअर पिस्तूल चालायला हवं. पण स्प्रिंगवालं चालत नाही. त्यात चाप ओढला की दाबलेली स्प्रिंग सुटते आणि जड दट्ट्या पुढे धावतो, त्यामुळे पिस्तूल मागे सरकतं. मग दट्ट्या टोकाला जाऊन थांबतो आणि पिस्तुलाला पुढे हिसका बसतो. पेलेट नळीतून बाहेर पडेपर्यंत ही उलटसुलट हालचाल सुरू झालेली असते. म्हणून मूठ थोडी घट्ट किंवा थोडी सैल झाली तरी पेलेट भलतीकडे जातं. अनुभवी माणूस ते सांभाळून घेतो. नवशिक्याला मात्र कळतच नाही, चूक आपली की पिस्तुलाची. त्यात प्रत्येक शॉटला नळी बिजागरीवर वाकवून स्प्रिंग दाबायची, म्हणजे तुमच्या दुखऱ्या मनगटाला फुकटचा व्यायाम. बंगल्याच्या मागे डबे पाडायला ते ठीक आहे, शिकायला नाही.

याला एक सन्माननीय अपवाद आहे. फाइनवर्कबाउ ६५ हे १९६५ पासूनचं जर्मन पिस्तूल स्प्रिंगचंच, पण त्याचा वरचा भाग रुळावर मागे घसरतो आणि हाताला धक्का लागू देत नाही. जुन्या क्लबांच्या कपाटात एखादं सापडतं. मिळालं तर जरूर मारून बघा, मजा येते.

आता सगळी स्पर्धात्मक एअर पिस्तुलं हवेच्या सिलिंडरची असतात. सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरायचा, प्रत्येक शॉटला ठरावीक हवा सुटते, बाकी आत काही धावत नाही. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवर्कबाउ ही रेंजवर नेहमी ऐकू येणारी नावं. स्टायर एलपी १० मध्ये तर उरलासुरला धक्का जिरवायला आत एक सरकतं वजन बसवलेलं आहे. खरं सांगायचं तर नवशिक्याला या पाचांमधला फरक कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. तुमचं लक्ष्य दहा मीटरवर, दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. ही पिस्तुलं शिकंज्यात धरून मारली तर एकाच भोकात मारतात. आठ-नऊ लागतो तो आपल्या हाताने.

मनगटाबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. या प्रकारात पिस्तूल एकाच हाताने, हात लांब करून धरायचं. मनगटाला पट्टा किंवा आधार नियमाने चालत नाही, ग्रिपही मनगटाला टेकलेली चालत नाही. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या नेमबाज युसुफ डिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला, पण तसं सगळेच उभे राहतात. साधारण किलोभर वजन असं तोलायचं, तेव्हा आधी थकतो तो खांदा. मनगटाला ताण येतो तो ग्रिप बसत नसेल तर. मग तळहात मोकळा राहतो, नळी खाली झुकते आणि ती वर ठेवायला मनगट आवळावं लागतं. हे तासभर केलंत तर निरोगी मनगटही दुखेल. तुमचं आधीच दुखत असेल तर फिजिओला दाखवून मगच रेंजवर या.

आता डावा हात. क्लबच्या पिस्तुलांना बहुधा उजव्या हाताची ग्रिप असते. मॅच ग्रिप, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ, हा साधा दांडा नव्हे. लाकडात बोटांच्या खाचा, अंगठ्याची बैठक, तळहाताखाली सरकणारी फळी, सगळं एकाच हातासाठी कोरलेलं असतं. उजवी ग्रिप डाव्या हातात धरायचा प्रयत्न करून बघा, दोन मिनिटांत सोडून द्याल. नव्याने आलेल्या डावखुऱ्यांना ‘उजव्याने शिकून घ्या, सवय होईल’ असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. तुमचा नेमाचा डोळा डावा असेल तर तो सल्ला ऐकूच नका. तपासायला सोपं आहे: दोन्ही डोळे उघडे ठेवून, हात लांब करून अंगठ्याने भिंतीवरचं घड्याळ झाका आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने पाहताना अंगठा घड्याळावरून हलत नाही, तो तुमचा.

म्हणून माझं उत्तर हे: पिस्तूल नंतर घ्या, आधी ग्रिप घ्या. तुम्ही ज्या क्लबात जाल तिथे सरावाला कोणतं मॉडेल देतात ते विचारा आणि त्याच मॉडेलची डाव्या हाताची ग्रिप मागवा. ग्रिपा स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापात मिळतात, ऑर्डर करण्याआधी हाताचं माप कोचकडून घ्या. पिस्तुलाच्या मानाने खर्च किरकोळ. स्क्रू काढून क्लबच्या पिस्तुलाला ती लावायची, सराव झाला की जुनी परत बसवून द्यायची. क्लब हे करू देईल का, हे फी भरण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर दुसरा क्लब बघा, पुण्यात तोटा नाही. काही महिन्यांनी खेळात टिकलात, तर तेच मॉडेल स्वतःचं घ्या. ग्रिप तयार, हात बसलेला. लाकूड कुठे टोचत असेल तर सँडपेपरने घासा, पोकळ वाटत असेल तिथे लाकडाची पुट्टी भरा. सगळे करतात.

तेच मॉडेल म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. उत्तम पिस्तूलही बिघडतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर, म्हणजे शॉटआधी पिस्तूल सज्ज करायची दांडी, ऐन पात्रता फेरीत तुटला होता. तुमच्या रेंजवर ज्या मॉडेलचे सुटे भाग आणि ते उघडून बसवणारा माणूस आहे, ते कागदावर सरस असलेल्या दुसऱ्यापेक्षा बरं.

मित्राच्या .२२ बद्दल. धक्का सौम्य असतो हे खरं, मनगटाला फार काही होत नाही. होतं ते डोक्यात. आवाज येणार, उसळी बसणार हे कळलं की चाप ओढण्याच्या क्षणी हात नकळत आवळतो, डोळा मिटतो आणि गोळी खाली जाते. नवशिक्याला ही खोड लागली की सुटता सुटत नाही. आधी एअर पिस्तुलावर चाप शांतपणे ओढायची सवय पक्की होऊ द्या. निम्मा सराव पेलेट न घालताच करा, कोऱ्या भिंतीकडे बघून. तेव्हा फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, हलते की नाही ते स्पष्ट दिसतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटरला, म्हणजे .२२ वरच. तुम्हालाही पुढे तिकडे जायचं असेल तर रस्ता बंद नाही. फक्त .२२ ला शस्त्र परवाना लागतो, पोलीस आयुक्तालयातून. ती फाइल सावकाश चालते. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० जूल ऊर्जेच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना नको. मॅच पिस्तूल सहा जूलच्या आसपास असतं. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या आणि पावती जपून ठेवा. येता-जाता पिस्तूल बंद केसमध्येच. लोकांना ते खरंच पिस्तूल वाटतं, त्यामुळे रिक्षात उघडून मित्राला दाखवण्याचा मोह टाळा.

नवं मॅच पिस्तूल लाखाच्या वर जातं, म्हणून तुम्ही जुनं शोधाल. शोधा, चांगली मिळतात. चाप ५०० ग्रॅमचं वजन उचलतो का ते रेंजवर वजन टांगून बघा, कमी असेल तर स्पर्धेच्या तपासणीत अडकेल. आणि सिलिंडरवरची तारीख वाचा. त्याचं आयुष्य उत्पादनापासून दहा वर्षं धरतात. स्वस्तात मिळणाऱ्या पिस्तुलासोबतचे दोन्ही सिलिंडर बाद निघाले, तर नव्या सिलिंडरांची किंमत सौद्यातून वजा करायला सांगा.