सुई उडतेय, स्टँडचे पैसे परत मिळतील का?

प्रश्न : पुण्यात जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. टर्नटेबलसाठी, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरसाठी, बेंगळुरूच्या एका विक्रेत्याकडून कंपन शोषणारा स्टँड मापं देऊन करून घेतला, १ लाख ८५ हजारांना. येऊन दोन महिने झाले, पण शेजारून कुणी चाललं की सुई उडतेच. फोनवर तक्रार केली तर म्हणाले, दोष तुमच्या लाकडी जमिनीचा. ऑर्डरचा माल परत घेत नाही, वाद फक्त बेंगळुरूच्या कोर्टात, असं बिलावर छापलंय. आमचा सुतार टोकदार पाय काढून रबर बसवू म्हणतो. काय करू?

उत्तर : आधी सुताराला थांबवा. त्याने स्टँडला हात लावला की ‘माल यांनीच बिघडवला’ असं म्हणायला विक्रेता मोकळा.

स्टँड उत्तम की टाकाऊ, यावर तुमचं प्रकरण उभं नाही. पैसे भरण्याआधी तुम्ही विक्रेत्याला काय सांगितलं होतं, त्यावर आहे. पत्रासोबतच्या व्हॉट्सॲप संभाषणात तुम्ही लिहिलंय, ‘जमीन लाकडी आहे, चालताना हलते, चालेल ना?’ त्यावर उत्तर आहे, ‘बिनधास्त घ्या.’ या दोन ओळी सोन्याच्या आहेत. वस्तू विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ सांगतं, की खरेदीदाराने विशिष्ट उपयोग सांगितला, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला आणि तो विक्रेता त्याच मालाचा धंदा करत असेल, तर माल त्या उपयोगाला योग्य असायलाच हवा. जमिनीचा दोष आता काढण्यात अर्थ नाही; जमीन कशी आहे हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय टोकदार पाय लाकडी फळीची हालचाल थोपवत नाहीत, ती जशीच्या तशी वर पोचवतात. हे त्या धंद्यातल्या माणसाला कळायला हवं.

एक कच्चा दुवा मात्र आहे. तुमचं टर्नटेबल लिन एलपी१२, म्हणजे मुळातच स्प्रिंगवर तरंगणारं, पावलांच्या धक्क्याने सहज डोलणारं. त्याचं नाव तुम्ही विक्रेत्याला कळवलं होतं का? संभाषणात दिसलं नाही. नसेल, तर ‘अर्धीच माहिती दिली’ हा बचाव येणार.

‘माल परत नाही’ ही ओळ मन बदललेल्या गिऱ्हाइकासाठी ठीक. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बेंगळुरूचीही धास्ती नको. कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ही मुभा कायद्याने दिलेली आहे, बिलावरच्या छापील ओळीने ती जात नाही, असं ठामपणे मांडा. किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही (हे मी वकील असून लिहितोय!). मुदत दोन वर्षं, पण तोवर थांबू नका. माल नाकारल्याचं वाजवी वेळेत कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं वस्तू विक्री अधिनियमाचं कलम ४२ धरतं, आणि तुमचे दोन महिने फोनवरच गेलेत. म्हणून आजच ईमेल आणि स्पीड पोस्टाने कळवा : माल नाकारत आहे, पंधरा दिवसांत रक्कम परत करून स्टँड घेऊन जावा. वेगळं ठरलं नसेल तर तो बेंगळुरूला पोचवणं तुमच्या माथी नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे नाकारल्याचं कळवणं पुरेसं.

पुरावा म्हणून सलग, न कापलेला व्हिडिओ घ्या. चालणारे पाय आणि तबकडीवरची सुई एकाच चौकटीत दिसू द्या. मोबाइल बदलू नका. संभाषण आणि व्हिडिओसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (ही डिजिटल नोंद कुठल्या उपकरणातून, कशी घेतली याचं) जोडा. आयोग स्टँड प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, पण त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. व्हिडिओ चांगला असेल तर बहुधा ती वेळ येणार नाही.

नोटिशीनंतर विक्रेता नरमला, तर माझ्या मते तडजोड करा. वाड्याच्या जाड भिंतीत पक्की बसवलेली फळी पावलांच्या धक्क्यावर कुठल्याही स्टँडपेक्षा खात्रीची. तशी फळी आणि उरलेले पैसे मागा. भाडेकरू असाल तर भिंतीला भोकं पाडण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर पुढचं पत्र त्यासाठी येईल.